शेवटच्या नळाची नोंद

कामिनुता वाडीत पाण्याचा नळ जिथे संपतो तिथे कुवाबारा हात्सुएचं घर आहे. त्यापुढे चहाचे दोन वाफे, मग देवदारांचं रान आणि मग नुसता डोंगर. हिरासे गावाच्या टाक्यांपैकी एक त्याच डोंगराच्या खांद्यावर. तिथून पाइप निघतो, खालून वळसा घेत एकतीस घरांना पाणी पाजतो आणि हात्सुएच्या ओट्याशी येऊन थांबतो. एवढ्याच कारणासाठी चौदा वर्षांपूर्वी पाणीपुरवठा कार्यालयाचे लोक तिच्या दारात येऊन कमरेत वाकले होते. शेवटच्या नळाला पाणी कसं येतं ते रोज सकाळी बघून कळवाल का, असं त्यांनी विचारलं. हात्सुए आयुष्यात कुणाला नाही म्हणाली नव्हती. सरकारी माणसांना कुठून म्हणणार?

काम सोपं होतं. सकाळी सहाला नळ थोडा वाहू द्यायचा, काचेच्या नळीत पाणी धरायचं, उजेडासमोर धरून रंग आणि गढूळपणा बघायचा. मग कागदी पुडीतली चिमूटभर पांढरी पूड टाकून नळी हलवायची. पाण्यात क्लोरीन असेल तर ते गुलाबी होतं. किती गुलाबी, ते पट्टीवरच्या रंगांशी ताडून वहीत आकडा लिहायचा आणि साडेसातला फोन करायचा. "कामिनुता, शून्य पूर्णांक तीन." पलीकडचा माणूस म्हणायचा, "आभारी आहे." संपलं.

संपलं म्हणायला सोपं, पण हात्सुएच्या लेखी ते गावातलं सर्वांत मोठं काम होतं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा इथे नळ नव्हता. खालच्या ओढ्यावरून बादल्या आणताना तिच्या खांद्याला जो घट्टा पडला तो एकसष्टाव्या वर्षीही हाताला लागतो. त्या बाईला सरकारनं पाण्याची राखण दिली होती. चौदा वर्षांत तिनं एक दिवस चुकवला नाही. नवरा गेला त्या सकाळीसुद्धा आधी नळी हलवली, शून्य पूर्णांक चार लिहिलं आणि मगच भिक्षूंना फोन केला. वाडीतल्या बायकांनी यावर नंतर तोंडावर हात धरून बरंच काही म्हटलं, पण ते राहू दे.

हात्सुएला एक खोड होती. ती आमच्याकडे बऱ्याच जणांना आहे, म्हणून तिला कुणी खोड म्हणत नाही. कुणाला त्रास द्यायचा म्हटलं की तिच्या जिवावर यायचं. नळ दुरुस्त करणारा यायचा असेल तर ती आदल्या दिवशी ओट्याखालचं फडताळ घासून ठेवायची. डॉक्टरकडे गेली तर आधी तीनदा माफी मागायची, मग दुखणं सांगायची. असं वागणाऱ्या माणसाला आम्ही गुणी म्हणतो. आम्ही काय काय म्हणतो याचा एकदा कुणीतरी हिशोब करायला हवा.

गेल्या माघातली गोष्ट. एका सकाळी पूड टाकली आणि पाणी पांढरंच राहिलं. तिनं नियमाप्रमाणे शून्य कळवलं. बर्फात चाळीस मिनिटं गाडी हाकत कार्यालयाचा ताकेमोरी आणि आणखी एक माणूस वर आले. त्यांनी आपल्या यंत्रावर पाणी तपासलं. पाणी उत्तम होतं. पुड्या दमट झाल्या होत्या. ताकेमोरी बिचारा तिशीतला, सरळ माणूस. उलट तोच वाकला. "पुड्या आम्हीच जुन्या दिल्या, कुवाबारा-सान. आमचं चुकलं." तिनं त्यांना चहा दिला, मुळ्याचं लोणचं दिलं, बुटांवरचा बर्फ स्वतः झटकला आणि पुढच्या तीन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

त्यात वाडीच्या बैठकीत इवाओनं तिची टोपी उडवली. निशिगोरी इवाओ म्हणजे वाडीचा प्रमुख आणि तिच्या नवऱ्याचा मामेभाऊ. "आमच्या वहिनींनी चिमूटभर पिठासाठी अख्खी नगरपालिका डोंगरावर चढवली बरं का!" सगळे हसले. हात्सुएही हसली. मनात मात्र तिनं गाठ बांधली की पुन्हा असं होऊ द्यायचं नाही.

ऑक्टोबरातल्या त्या बुधवारी घरात मुलगी होती. चिनात्सु पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि नात तेवीस दिवसांची होती. आईचं दूध पुरत नव्हतं म्हणून वर बाटलीचं चालू होतं. आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरातच टबात पाणी काढून बाळाला अंघोळ घातली होती. खिडकीच्या काचा वाफेनं पांढऱ्या झाल्या होत्या आणि पुड्यांचा डबा तिथेच फळीवर, झाकण अर्धवट लागलेलं.

म्हणून सहाला नळीत पाणी पांढरं राहिलं तेव्हा हात्सुएच्या मनात पाणी आलंच नाही. तिच्या मनात डबा आला. पुन्हा दमट झाल्या, माझाच हलगर्जीपणा. तिनं नळी आणखी जोरात हलवली. एक अंधूकशी छटा आल्यासारखं वाटलं, की तिला ती हवी होती म्हणून दिसली, देव जाणे. शुक्रवारी नव्या पुड्या येणार होत्या. दोन दिवसांचा तर प्रश्न. माघातला तो फुकटचा शून्य सोडला तर चौदा वर्षांत आकडा कधी शून्य पूर्णांक दोनच्या खाली गेला नव्हता. तिनं पेन्सिल घेतली आणि कालचाच आकडा लिहिला, शून्य पूर्णांक तीन. मग किटली ठेवली, साडेसहाला बाळाचं दूध केलं, मिसोचं सूप केलं, आणि साडेसातला फोन. "कामिनुता, तीन."

"आभारी आहे."

साडेनऊला ती अंगणात लंगोट वाळत घालत होती. गावाचा भोंगा वाजला. एरवी तो अस्वल दिसल्याचं सांगतो, नाहीतर कुणी म्हातारं हरवल्याचं. या वेळी आवाज नगरपालिकेतल्या बाईचा होता आणि ती प्रत्येक शब्द सुटा सुटा बोलत होती.

"नागरिकांना कळवण्यात येतं की, पिण्याच्या पाण्यात विषारी औषध मिसळल्याचं एक निनावी पत्र आज सकाळी नगरपालिकेत आलं आहे. कोणत्या टाकीत, ते पत्रात लिहिलेलं नाही. आज सकाळी सहाही ठिकाणच्या शेवटच्या नळांची तपासणी झाली असून सर्व आकडे नेहमीप्रमाणे आहेत. पाणी वापरण्यास हरकत नाही. घाबरून जाऊ नये."

हात्सुएच्या हातातला लंगोट मातीत पडला.

सहाही ठिकाणच्या. म्हणजे पाच ठिकाणच्या, आणि तिच्या. गावाला धीर देणाऱ्या त्या बाईच्या तोंडी हात्सुएचा आकडा होता, आणि तो आकडा तिनं मनानं लिहिला होता. खाली तोमेनो आजीच्या घरातून भांडी विसळल्याचा आवाज येत होता. लोक पाणी पीत होते. तिच्या शब्दावर पीत होते.

आत जाऊन तिनं डबा उघडला. दोन पुड्या शिल्लक होत्या. नळ सोडला, नळी भरली, पूड टाकली, हलवली. पांढरं. खिडकीशी नेऊन बघितलं. पांढरं. पूड दमट आहे, पूडच दमट आहे, असं ती पुटपुटत राहिली. पण आता हे म्हणताना तिला स्वतःचाच आवाज खोटा वाटायला लागला. पूड खराब की पाणी खराब, एवढंच कळायला हवं होतं, आणि पुडी एकच उरली होती.

सुचलं ते तिलाच सुचलं, कुणी शिकवलेलं नव्हतं. कपडे धुवायच्या ब्लीचची बाटली तिनं खाली घेतली. ब्लीच म्हणजे क्लोरीनच, वास तोच. वाडगाभर नळाचं पाणी घेतलं, चॉपस्टिकचं टोक ब्लीचमध्ये जेमतेम बुडवलं आणि त्या पाण्यात ढवळलं. ते पाणी नळीत ओतलं. आता यात क्लोरीन आहे हे नक्की. पूड खराब असेल तर रंग येणार नाही, आणि सगळं ठीक आहे. पांढरं राहू दे, ती म्हणाली. चौदा वर्षं रोज सकाळी गुलाबी रंगाची वाट बघणारी बाई त्या दिवशी तो येऊ नये म्हणून गयावया करत होती.

पूड पाण्याला लागली आणि नळी लालभडक गुलाबी झाली.

पूड चांगली होती. पाण्यातच काहीतरी होतं, आणि त्यानं सगळं क्लोरीन खाऊन टाकलं होतं.

तिनं फोन उचलला. लाइन व्यस्त. पुन्हा फिरवला. व्यस्त. गावातला प्रत्येक जण तोच नंबर फिरवत असणार. नगरपालिकेचाही तसाच. मागे पावलं वाजली. बाळाला छातीशी धरून चिनात्सु किटलीकडे हात नेत होती.

"हात लावू नकोस!"

चिनात्सु दचकली. आईचा असा आवाज तिनं उभ्या जन्मात ऐकला नव्हता.

"अगं आई, केवढ्यानं ओरडतेस! बाळाला भूक लागलीय. आणि भोंग्यावर सांगितलं ना, पाणी चांगलंय म्हणून?"

"चांगलं नाहीये. ओतून टाक ते."

"उकळलंय मी."

"उकळून विष जात नाही, चिनात्सु!"

चिनात्सुनं बाळाकडे पाहिलं. बाळाची मूठ तोंडात होती, ओठ गुलाबी होते, श्वास नीट चालला होता. सकाळपासून ते जरा जास्तच झोपलं होतं का? दोघींच्या मनात एकदमच आलं.

"तिला घेऊन खालच्या घरातल्या सेजिमाच्या गाडीतून दवाखान्यात जा," हात्सुए म्हणाली. "सकाळी बाटलीत काय होतं ते सांग. पाणी नळाचं होतं, असं सांग."

"आणि तू?"

हात्सुए केव्हाच दाराबाहेर पडली होती. पायात एक चप्पल तिची, एक चिनात्सुची.

वाडीचा स्वतःचा एक माइक आहे. तो इवाओच्या घरात, बूट काढायच्या जागेशेजारी, कापडाखाली झाकलेला असतो. गवत कापायची पाळी, सणाची वर्गणी असलं काहीबाही तो त्यावरून सांगतो, आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. हात्सुए धापा टाकत आत आली तेव्हा तो हिरव्या चहाचा पेला घेऊन बसला होता.

"भावोजी, तो पेला खाली ठेवा."

"या वहिनी! काय, पुन्हा पीठ भिजलं वाटतं?"

"पेला ठेवा म्हणते ना!" तिनं तो त्याच्या हातातून काढूनच घेतला. अर्धा चहा चटईवर सांडला. "पाण्यात क्लोरीन नाहीये. मी दोनदा बघितलं. फोन लागत नाही. माइक द्या मला."

"अहो, आत्ताच नगरपालिकेनं सांगितलं की सगळे आकडे—"

"तो आकडा माझा आहे."

"हो, मग?"

"मी तो खोटा लिहिला."

इवाओला कळेना. तिला पुन्हा सांगावं लागलं. सकाळी रंग आला नव्हता. पुड्या दमट झाल्या असं वाटलं. कुणाला वर यायला लावू नये म्हणून कालचाच आकडा लिहिला.

"वहिनी, हे भोंग्यावरून बोललात तर या गावात तोंड दाखवता येणार नाही तुम्हाला. मलाही येणार नाही," इवाओ हळू आवाजात म्हणाला. "आधी कार्यालयाला कळवू. त्यांचं ते बघतील. नगरपालिका एक सांगते आणि वाडी दुसरंच सांगते, हे बरं दिसतं का?"

"तुम्ही सकाळपासून किती चहा प्यायलात?"

इवाओचा हात आपसूक पोटाकडे गेला. मग त्यानं माइकवरचं कापड ओढून काढलं, बटण दाबलं आणि बाजूला झाला.

हात्सुए माइकसमोर गुडघ्यांवर बसली आणि सवयीनं आधी वाकून नमस्कार केला, जसं काही कुणी बघत होतं.

"मी कुवाबारा हात्सुए. नळाचं पाणी पिऊ नका. उकळूनही पिऊ नका, तोंड धुवू नका, जनावरांना देऊ नका. नगरपालिकेनं सांगितलेला आकडा चुकीचा आहे. आज सकाळी पाण्यात रंग आला नव्हता. तरी मी आला म्हणून लिहिलं. मला माफ करा. पाणी पिऊ नका. शेजारी ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या घरी जाऊन सांगा. मला माफ करा."

तिनं ते तीनदा सांगितलं. डोंगरावर आदळून तिचाच आवाज परत येत होता, आणि खोटा हा शब्द टाळूनसुद्धा तो सगळ्यांना ऐकू गेला होता.

इवाओकडे अग्निशमन पथकाचा बिनतारी संच होता. त्यानं खालच्या ठाण्याला गाठलं आणि ठाण्यानं पाणीपुरवठा कार्यालयाला. वीस मिनिटांत टाकीची तोटी बंद झाली. तोवर हात्सुए तोमेनो आजीच्या दारात पोचली होती. आजी ब्याण्णव वर्षांची, भोंगा तिला कधीच ऐकू येत नाही. ती माजघरात कुशीवर पडली होती आणि शेजारी बादली होती.

"सकाळपासून उलट्या होताहेत गं," आजी म्हणाली. "म्हणून पाणीच पितेय नुसतं. अंगातलं पाणी जायला नको, असं डॉक्टर म्हणाला होता ना."

हात्सुएनं तिच्या उशाचा पेला उचलला. तिसरा होता की चौथा, आजीला आठवत नव्हतं.

टाकीच्या झाकणाचं कुलूप कापलेलं सापडलं आणि आत एक पत्र्याचा डबा. शेतात वापरतात त्यातलंच औषध होतं. टाकी मोठी आणि डबा लहान, म्हणून निभावलं असं म्हणाले. वाडीतली अकरा माणसं दवाखान्यात गेली. तोमेनो आजी दोन दिवस ग्लानीत होती, तिसऱ्या दिवशी उठून बसली आणि तिथल्या भाताला नावं ठेवायला लागली. डबा टाकणारा कोण, हे आजतागायत कळलेलं नाही. गावात असेल, आपल्यासमोर दुकानात रांगेत उभा असेल. कामिनुतात आता संध्याकाळच्या आत दारं लागतात.

बाळाला पहिले तीन दिवस काचेच्या पेटीत ठेवलं होतं. रक्त दोनदा तपासलं, काही निघालं नाही, पण इतक्या लहान जिवाचं आत्ताच नक्की सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणाले. बाहेरच्या बाकावर मायलेकी बसून राहत. दुसऱ्या दिवशी ताकेमोरी आला. हात्सुए उठून उभी राहिली. हा आता वही मागेल, रागावेल, निदान तसं बघेल तरी, म्हणून ती मान खाली घालून थांबली. तो तिच्यापेक्षाही खाली वाकला.

"घट्ट झाकणाचा डबा आम्ही द्यायला हवा होता. तुम्ही माइकवरून सांगितलंत म्हणून वेळेवर बंद करता आलं, कुवाबारा-सान. संध्याकाळपर्यंत चालू राहिलं असतं तर..."

हात्सुएला ते ऐकवेना. त्यानं दोन कानशिलात लगावल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

तो गेल्यावर चिनात्सु आईकडे वळली.

"आई, रंग आला नाही हे तुला सहाला कळलं होतं?"

"हो."

"आणि साडेसहाला तू दूध केलंस."

"हो."

पुड्या, वाफ, गेल्या माघातला बर्फ, हे सगळं हात्सुएच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. चिनात्सुला रडू आलं असतं तर जवळ घेता आलं असतं, पण ती रडलीच नाही.

टाकी उपसली, घासली, पाइप पाच दिवस धुतले. सातव्या दिवशी सकाळी ताकेमोरी, कार्यालयाचे साहेब आणि इवाओ असे तिघं हात्सुएच्या ओट्यापाशी उभे होते. शेवटचा नळ तिचाच, आणि नोंद तिनंच करावी असं साहेबांनी ठरवलं होतं. तिनं नको म्हणून पाहिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा नको म्हणाली आणि ते कुणी ऐकलं नाही. तिनं नळी भरली, पूड टाकली, हलवली. पाणी गुलाबी झालं. यंत्रावरही तोच आकडा आला. साहेबांनी सर्वांसमोर पेलाभर पाणी पिऊन दाखवलं. भोंग्यावरून सांगितलं गेलं की, कामिनुताचं पाणी पिण्यास हरकत नाही. माणसं गेली.

बाळ आदल्या दिवशीच घरी आलं होतं. टँकरच्या पाण्याच्या पिशव्या संपल्या होत्या. अकराला ते रडायला लागलं. हात्सुएनं किटली भरली आणि शेगडीकडे वळली, तर चिनात्सु मध्ये उभी.

"थांब," ती म्हणाली. तिनं फळीवरचा मोठा पेला घेतला, किटलीतलं पाणी त्यात काठोकाठ ओतलं आणि आईपुढे धरला. "आधी तू पी."

हात्सुएनं पेला घेतला आणि उभ्या उभ्या शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

चिनात्सुनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग खुर्ची ओढून ती आईच्या समोर बसली, रडणाऱ्या बाळाला मांडीवर थोपटत, आणि आईच्या चेहऱ्यावरून नजर न काढता एक तास थांबली.